कोरी सुई

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल लिहिलेल्यात एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. लाँड्री इस्पितळाच्या तळमजल्यावर आहे असं मी लिहिलं होतं. ती पहिल्या मजल्यावर आहे. इमारत उतारावर बांधलेली असल्यामुळे मागच्या रस्त्याने आत शिरलं की तोच तळमजला वाटतो. पण त्याच्याही खाली एक खोली आहे आणि तिकडे उतरणारा जिना मळक्या कपड्यांच्या गाड्यांआड आहे. मला तो काल दिसलाच नव्हता.

चूक खोडायची नाही, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहायची, ही मावशीची शिस्त. लहानपणी मी सतत आजारी असायचे, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा घरातच होती आणि बाई म्हणजे मावशी. अक्षरं मी तिच्यासमोर बसून, ताटात पसरलेल्या पिठात बोट फिरवून गिरवली. ती म्हणायची, खोडलं की कागदालाही संशय येतो. आता तीच मावशी या लाँड्रीची इनचार्ज आहे आणि तिनेच शब्द टाकून मला इथे चिकटवलं. आईला फोनवर रडू आवरत नव्हतं. म्हणाली, सरकारी नोकरी लागली, पोरीचं नशीब इस्त्री होऊन आलं.

राहायला मावशीच्याच क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, खिडकीत कुंड्या, माझ्यासाठी ताईच्या पलंगाशेजारी नवी गादी. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तीही लाँड्रीतच आहे, घडीच्या टेबलावर. काल आल्या आल्या तिने मला तिचे जुने बूट दिले आणि म्हणाली, हे घाल, तुझी चप्पल बघून फरशीला हसू येईल. मी खूप आनंदात आहे. इतकी, की भीतीच वाटते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काम समजलं. वॉर्डांतून चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे गाड्यांत भरून येतात. ते आधी लांब टेबलावर छाननीला जातात. गाठोडं कधीही कवेत घ्यायचं नाही. चादर एका टोकाला धरायची, टेबलावर पसरायची, डोळ्यांनी बघायची आणि मग गुंडाळायची. कारण घाईत काम करणारे वॉर्डवाले चादरीत काहीही विसरतात: चमचे, चष्मे, दातांची कवळी आणि सुया. मावशी म्हणाली, मळक्या कपड्याला मिठी मारू नको, तो परतून मिठी मारतो.

मशीनवाले काका गंमत करत होते. म्हणे, वर डॉक्टर माणसांना बरं करतात, खाली आम्ही त्यांच्या चादरींना. आमच्याकडून मात्र सगळ्या पेशंटना शंभर टक्के डिस्चार्ज.

दुपारी संसर्ग विभागाच्या सिस्टर आल्या. त्यांनी मला काविळीच्या लशीचा पहिला डोस दिला, जाड हातमोजे दिले आणि टोचलं तर काय करायचं ते समजावलं. जखम दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीची लागण रोखणारं औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालं तर उत्तम. तीन दिवस उलटून गेले की ते द्यायचं कारणच उरत नाही. औषध महिनाभर घ्यावं लागतं आणि पोट ढवळून काढतं, पण बिनतक्रार घ्यायचं. मी सगळं दोनदा विचारलं. सिस्टर हसल्या, म्हणाल्या, तुझ्यासारख्या भित्र्याच सुखरूप निवृत्त होतात.

सोमवार, १० नोव्हेंबर

खालच्या खोलीचं कळलं. तिला सुईखोली म्हणतात. वॉर्डांतल्या वापरलेल्या सुयांचे बंद डबे तिथे उतरवले जातात. ते डबे न उघडता नष्ट करायचे असं सिस्टरांनी मला सांगितलं होतं. इथे ते उघडतात. नवे डबे वेळेवर मिळत नाहीत, म्हणून सुया ओतून घ्यायच्या आणि तेच डबे धुऊन पुन्हा वर पाठवायचे. हे काम चार बायका करतात. जेवणाच्या सुट्टीत त्या वर येतात, पण आमच्या टेबलावर बसत नाहीत.

त्या चौघींना सगळे टोचक्या म्हणतात. मला आधी वाटलं, त्या टोचून बोलत असतील. तसं नाही. लाँड्रीत जिला सुई टोचली आणि कॅज्युअल्टीत नोंद झाली, तिची बदली खाली होते. मी विचारलं, का? ताई ताटातून नजर न उचलता म्हणाली, रीतच आहे. फुटलेल्या कपाला कोण जपतं?

मी रात्रभर विचार करत होते. पण एकदा टोचलं म्हणजे दुसऱ्यांदा धोका नाही, असं कसं? प्रत्येक सुई वेगळ्या माणसाची. सकाळी मावशीला विचारलं. ती माझ्या वेणीचं टोक सरळ करत म्हणाली, तू इनचार्जची भाची आहेस, तुला जिना मोजायची गरज नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मला सुई टोचली.

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे, म्हणून क्रमाने लिहिते. जेवणानंतर ताई छाननीच्या टेबलावर मदतीला आली होती. मी घडीच्या बाजूला होते. ती एकदम मावशीच्या केबिनमध्ये गेली आणि दार लागलं. आत नळ चालू असल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग मावशी बाहेर आली. तिने टेबलावरचं एक गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, मला हाक मारली आणि म्हणाली, धर, धर पटकन, गाडी निघाली. मी धरलं. कवेतच धरलं, कारण तिने तसंच दिलं. डाव्या हाताला, मोजा संपतो त्याच्या वर, मुंगी चावावी तसं झालं.

मावशी होती म्हणून बरं. तिने नळाखाली माझा हात धरला, साबण लावला, चादरीच्या घडीतून सुई काढून एका डबीत घातली आणि मला कॅज्युअल्टीत नेलं. डॉक्टरांनी सुई पाहिली, माझं रक्त तपासायला घेतलं, औषध लिहिलं. खिडकीवरून बाटली मावशीनेच घेतली. रिकाम्या पोटी घेऊ नको म्हणाली, आधी घरी चल. घरी दुधाबरोबर पहिली गोळी तिने स्वतःच्या हाताने दिली. बाटली तिच्याकडेच ठेवली आहे, मी घाबरून गोळी चुकवीन म्हणून.

ताई लवकर झोपली. भिंतीकडे तोंड करून.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कालच्या लिहिण्यात एक दुरुस्ती. गाठोडं मावशीने दिलं असं मी लिहिलं. मावशीचं म्हणणं, ते मीच घाईत ओढून घेतलं आणि माझा मोजाही खाली सरकलेला होता. घाबरल्यावर माणसाला मागचं पुढचं आठवत नाही. चूक आपली आहे असं लिहून दिलं की चौकशी लांबत नाही, असं ती म्हणाली. तिने सांगितलं तसा अर्ज मी लिहून दिला. इथेही तसंच लिहिते: चूक माझी होती.

मावशी खोटं का बोलेल?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

माझी खाली बदली झाली. मावशीने डोळ्याला रुमाल लावला. म्हणाली, वरूनच हुकूम आला, मी काय करू, तरी थोड्याच दिवसांत तुला सोडवते.

सुईखोलीला खिडकी नाही. छताला लागून एक झरोका आहे, त्यातून रस्त्यावरच्या माणसांच्या पोटऱ्या दिसतात. मधोमध पत्र्याचं टेबल, त्याला चहूबाजूंनी उभी कड. त्यावर डबे पालथे करतात. आवाज विचित्र येतो, गारा पडल्यासारखा. मग चिमट्याने सुया एकीकडे, नळ्या दुसरीकडे. चिमटे तीन आहेत. आम्ही पाच.

चौघींपैकी एकीचं करंगळीशेजारचं बोट वाकडं आहे, तिला सगळ्या वाकडी म्हणतात आणि ती ओ देते. ती म्हणाली, ये बाई, इथे एक सुख आहे, वाईट काय होईल याची काळजी संपते. बाकीच्या हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला.

औषधाचा मला काहीच त्रास नाही. माझं पोट दगडाचं निघालं! ताई मात्र तीन दिवस उलट्या करते आहे. मावशी म्हणते, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज वाकडीने विचारलं, रात्री स्वप्नं पडतात का? नाही म्हणाले. चक्कर? नाही. अन्नावरून मन उडालं? नाही, उलट भूक लागते.

तिने चिमटा खाली ठेवला. ती म्हणाली, मी ते औषध घेत होते तेव्हा महिनाभर भांड्यांचा वाससुद्धा सोसवत नव्हता. मग विचारलं, गोळी कशी आहे. मी सांगितलं, पांढरी, जाडी, जिभेवर ठेवली की खडूसारखी विरघळते. तिने विचारलं, बाटलीतून तू काढतेस का? मी म्हणाले, नाही, मावशी हातावर देते.

दुसरी म्हणाली, काहींना त्रास नसतोही होत. पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुपारी डोकं दुखतं म्हणून सुट्टी मागून घरी आले. खोटं बोलले. गोळ्या बघायच्या होत्या.

स्वयंपाकघरात ताई होती. तिच्या हातात बाटली, बाटलीवर माझं नाव. तिने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि ओट्याला धरून उभी राहिली. उलटी दाबत होती. गोळी गुलाबी होती.

मी दारात. ती वळली.

तिने मला पाहिलं आणि ती आधी काय म्हणाली तर, आईला सांगू नकोस.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मावशीशी बोलले. ती ओरडली नाही. तिने मला समोर बसवलं, पूर्वी शुद्धलेखन सांगताना बसवायची तसं, आणि सगळं सांगितलं.

त्या दिवशी टोचलं ते ताईला. नोंद झाली असती तर ताई खाली गेली असती. ताईचं लग्न ठरतंय, मुलाकडच्यांना टोचकी चालली नसती. नोंद नाही तर औषध नाही. मग औषध कुणाच्या तरी नावावर घ्यायला हवं होतं.

मला रोज कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. हाडांना चांगल्या असतात, म्हणाली.

मी विचारलं, माझ्या हाताला जी लागली ती सुई? ती म्हणाली, कोरी होती. पाकिटातली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, मी काय राक्षसीण आहे का ग? तुला अक्षर मी शिकवलं, तुझी आजारपणं मी काढली. तुझ्या केसाला धक्का लागू देईन? तुझ्या अंगाला काही झालेलं नाही, नुसतं नाव झालंय.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, तेही मला तिनेच शिकवलं होतं. वाक्यात उपयोग करून दाखव, म्हणाली होती.

मी म्हणाले, मग मला खालून वर काढ. सगळं खरं सांग. ती उठून कुंड्यांना पाणी घालायला गेली.

रविवार, २३ नोव्हेंबर

कोरी होती. कोरी होती. कोरी असेल तर मी ठणठणीत आहे. कोरी असेल तर मला काहीही झालेलं नाही.

आणि नसेल तर तीन दिवस केव्हाच उलटून गेले.

माझं पुढचं सगळं आयुष्य तिच्या शब्दावर टांगलंय, आणि तिच्याच शब्दावर मी गेला आठवडाभर खडू खाल्ला.

दुरुस्ती, १५ तारखेची: चूक माझी नव्हती. मोजा सरकलेला नव्हता. गाठोडं तिने दिलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सिस्टरांकडे गेले. त्यांनी दार लावून ऐकून घेतलं. मग माझा अर्ज काढून समोर ठेवला. तुझंच अक्षर ना, म्हणाल्या. हे असताना तुझं कोण ऐकणार, आणि डबे उघडतात हे बाहेर गेलं तर आधी माझीच खुर्ची जाईल. रक्ताची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, तोवर शांत राहा. शांत राहा असं म्हणताना त्यांनी माझ्या हाताला हात लावला नाही.

संध्याकाळी मी काय बोलले ते मावशीला शब्दन् शब्द माहीत होतं.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. आई म्हणाली, मावशीने सांगितलंय, टोचल्यापासून तुझ्या डोक्यात काहीतरी बसलंय. जिने तुला वाढवलं तिच्यावर आळ घेतेस? जीभ कशी रेटते तुझी?

आई, तूसुद्धा—

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज ताई सुईखोलीच्या जिन्यावर बसलेली दिसली. वरच्या पायरीवर. खाली यायचं धाडस नाही. म्हणाली, मला रात्री झोप येत नाही. मी म्हणाले, औषधाने होतं तसं.

ती रडत म्हणाली, मला वाटलं होतं, आई ती सुई डॉक्टरांना दाखवायला घेतेय. मी काढली आणि तिने माझ्या हातून रुमालात घेतली. दाखवायलाच घेतेय असं वाटलं ग.

मी विचारलं, मग कोरी कुठली?

ती म्हणाली, कसली कोरी?

मी विचारलं, केबिनमध्ये दुसरी सुई होती का? पाकीट होतं का?

ताई म्हणाली, एकच होती.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काम करते आहे. गारांचा आवाज. हात थांबत नाहीत. थांबले तर—

वाकडी म्हणाली, सोमवारी तपासणीचं पथक येणार, राजधानीतून. त्या दिवशी आम्हाला सुट्टी असते. जिन्याच्या तोंडाशी गाद्या रचतात. पथक वरची लाँड्री बघतं, पांढऱ्या चादरी बघतं आणि शाबासकी देऊन जातं. खाली खोली आहे हे त्यांना ठाऊकच नाही.

ठाऊक करून द्यायला हवं. कुणीतरी खाली असायला हवं. आत. गाद्यांमागून दार बडवायला.

ती म्हणाली, आम्हा चौघींना घरं आहेत बाई.

मला नाही. आता नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

धाकटी आली.

माझी सख्खी बहीण. सकाळी दार उघडलं तर पेटी घेऊन उभी, मावशीच्या खांद्याला खांदा लावून. माझी वरची जागा रिकामी झाली ना. मावशीने आईला परस्पर कळवलं. मला कुणी— कुणी एका शब्दाने—

ती ताईच्या गळ्यात पडली. खिडकीतल्या कुंड्या बघून नाचली. सोमवारपासून कामावर, आठ वाजता.

पथक दहाला येणार.

तिला बाथरूममध्ये ओढलं, हात दाखवला, सगळं सांगितलं. ती माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत राहिली. म्हणाली, अक्का, मावशी म्हणालीच होती तू असं काहीतरी सांगशील.

रविवार, ३० नोव्हेंबर

ताईला उलट्या थांबत नाहीत. बाटली अर्धी झाली. मी पाहिलं, मावशी बाटली उजेडात धरून उरलेल्या गोळ्या मोजत होती. ताईला म्हणाली, उलटीत पडलेल्या गोळ्या भरून काढायला दुसरी बाटली लागेल, आणि या नावावर ती मिळायची नाही. पुन्हा कुणाच्या तरी नावावर—

मावशी धाकटीला समोर बसवून मळक्या चादरींबद्दल सांगते आहे. गोड आवाजात. धाकटी हसते आहे.

आठ ते दहा. मधले दोन तास.

दहापर्यंत थांबता येणार नाही. लाँड्री उघडलीच नाही तर? किल्ली एकच आहे, मावशीच्या उशीखाली असते. ती काढायची. मागच्या दाराने आत जायचं, दार आतून लावायचं, खाली सुईखोलीत जाऊन बसायचं. आठला कुणी आत येणार नाही, धाकटीही नाही. दहाला पथक बंद दाराशी उभं राहील, तेव्हा मी उघडीन. फक्त पथकाला. आणि त्यांना गाद्यांमागचा जिना—

उद्या. सोमवार, १ डिसेंबर. उजाडायच्या आत.

फक्त किल्ली काढताना मावशी जागी झाली, तर मी तिला—